पंधराशे मीटरची थापाडी

थापा मारण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या रत्नागिरीत कोणी नव्हतं, आणि नेमका तिचाच हात धरून मला धावावं लागायचं. हात म्हणजे अगदी हात नव्हे. मधे वीतभर दोरी. एक टोक तिच्या मुठीत, दुसरं माझ्या. मी जन्मापासून आंधळी. 'दृष्टिहीन' म्हणणारे लोक पाठोपाठ भाषण करतात, म्हणून तो शब्द मला नको. मी पंधराशे मीटर धावते, आणि आंधळीला शर्यतीत धावायचं तर शेजारी डोळस गाइड लागते. माझी गाइड म्हणजे ही बाई. पावस गावची, समुद्राकाठच्या आंब्याच्या बागायतीतली, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. एरवी मी तिला ताई म्हणायचे. रागात थापाडी म्हणायचे, आणि राग मला बराच येतो.

नियमही काय एकेक. गाइडने ओढायचं नाही, ढकलायचं नाही. दोरी सुटली की दोघी बाद. रेघ मी आधी ओलांडायची, तिने मागून. आणि धावताना माझ्या डोळ्यांवर काळी पट्टी! जिला मुळात दिसतच नाही तिने चोरून बघू नये म्हणून. पहिल्यांदा पट्टी बांधली तेव्हा मी पंचांना म्हटलं, "कानांत बोळेही घाला, म्हणजे एकदाची तुमची खात्री होईल." पंचांनी पट्टीची गाठ आणखी आवळली.

गाइडने समोर दिसतं ते सांगायचं असतं. ही नसलेलं सांगायची. आमचा सराव तांबड्या मातीच्या मैदानावर चालायचा. मी जरा ढिली पडले की हिचं सुरू, "मागून येतेय गो बाय! लाल बनियनवाली! वेणी काय उडतेय तिची! आली, आली, जल्ली मेली ती, आली बघ!" मी जीव खाऊन पळायचे. फेरी संपल्यावर कळायचं, मैदानावर आम्ही दोघी आणि चरायला सोडलेली एक गाय.

आता मला दिसत नाही, पण ऐकू येतं ना! मातीत पाऊल वाजतं. एकदा पळता पळताच मी विचारलं, "तिच्या पावलांचा आवाज कुठाय?" क्षणभरही न अडखळता उत्तर आलं, "अनवाणी धावतेय गो!" हळूहळू मी शहाणी झाले. ती 'मागून आली' म्हणाली की मागे कोणी नाही, असं पक्कं धरून चालायला लागले. तरी पाय आपोआप उचलले जायचे ते जायचेच. त्याचा मला फार संताप यायचा.

जिल्ह्याच्या शर्यतीत पहिली आले तेव्हा पालीला आमचा सत्कार झाला. पाली म्हणजे माझं गाव. सत्काराला बक्षीस काय, तर भिंतीवरचं घड्याळ, त्यात पाहुण्यांचा फोटो. दोन्हींचा मला काय उपयोग होता ते पाहुण्यांनाच ठाऊक. वर माझ्या डोक्यावरून थापाडीलाच विचारतात, "हिला चहा चालतो का?" लोक असंच करतात. आंधळ्या माणसाबरोबर कुणी असलं की सगळं त्यालाच विचारायचं, मग ते चहाचं असो नाहीतर लग्नाचं. थापाडी अत्यंत गंभीर आवाजात म्हणाली, "साहेब, हिला मराठी कळत नाही. इंग्रजीत विचारा." पाहुणे खोकायला लागले. चहा काही मिळाला नाही, पण पोट भरलं. त्या दिवशी मी तिला थापाडी म्हटलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुण्याला राज्याची निवड होती. पहिली येईल ती देशपातळीवर जाणार, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. बाबांनी बजावून ठेवलेलं, "यंदा निवड झाली तर ठीक. नाहीतर पुरे झालं तुझं धावणं." माझं सगळं त्या एका शर्यतीवर आलं होतं. धावते तेवढ्या वेळात मला कुणी हाताला धरून कोपऱ्यात बसवत नाही. ते सुटलं असतं तर मी उरले असते घरातली आंधळी पोर, शेंगा सोलायला.

सराव जोरात चालला होता. एक दिवस तिचं उजवं पाऊल वेगळं वाजलं. मी विचारलं तर म्हणे, "नवे बूट घेतले." पुढच्या आठवड्यात जास्तच वेगळं वाजलं. "सोल जाड आहे गो त्याचा." ही थाप होती हे काय मला कळत नव्हतं? पण तिच्याकडून खरं खोदून काढणं म्हणजे भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत विहीर खणणं.

पुण्याचं मैदान रबराचं. त्यात पावलाचा आवाज पार विरून जातो. वर कर्णे लावलेले, त्यांत कोण कुठल्या नेत्याचं स्वागत चाललेलं. शर्यत आमची, स्वागत त्यांचं! मला कानानं काही म्हणता काही कळत नव्हतं. जे काय कळणार ते थापाडीच्या तोंडून. शेवटच्या फेरीला तिनं सांगितलं की आपण पुढे आहोत, आणि मग ती गप्प झाली. शेवटच्या वळणातून सरळ वाटेवर आलो. मला वाटलं, झालं, जिंकलं. तेवढ्यात ती हलक्या आवाजात म्हणाली, "आली."

बस, एवढंच. ना लाल बनियन, ना वेणी. मी मनात म्हटलं, कर गो बाई, आता इथं तरी थापा बंद कर. आणि मी आहे तशीच धावत राहिले. रेघ ओलांडली तेव्हा माझ्या डावीकडे आणखी कुणीतरी धापा टाकत होतं. ती छातीभर पुढे होती. मी दुसरी.

मी तिथंच दोरी फेकली. "ओरडली का नाहीस? एरवी गाय मागे असली तरी बोंबलतेस!"

ती खाली बसली होती. आवाज जमिनीवरून आला. "थापेला दम लागतो, बाय. गुडघ्यानं सगळा दम खाल्ला. एवढंच उरलं होतं, तेवढं खरं सांगितलं."

मी तिच्या गुडघ्याला हात लावला तर तो फणसासारखा सुजला होता. मला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण रडूच आधी आलं. मेलीनं वर्षभर खोटं सांगून मला पळवलं, आणि एक खरं बोलली ते मला ओळखता आलं नाही.

घरी परतल्यावर तिनं बाबांना माझ्यादेखत सांगितलं, "मोठे साहेब स्वतः म्हणाले, पुढच्या वर्षी हिची जागा ठरलेली. हिचं धावणं बंद केलंत तर ते विचारायला येतील हो तुमच्या दारात." कुठले साहेब आणि कुठली जागा! त्या मैदानावर आमच्याकडे ढुंकून कुणी बघितलं नव्हतं. बाबा मात्र सरळ माणूस. आणखी एक वर्ष मिळालं मला.

त्यानंतर आठच दिवसांत तिचा फोन आला, "मुंबईला चाललेय गो, भावाकडे. नोकरी लागलेय. कॉलेजातली एक पोर बघून ठेवलेय तुझ्यासाठी, चांगली धावते. तिची दोरी धर." मुंबईहून म्हणून तिचे फोन यायचे. मागे समुद्राची गाज ऐकू यायची. मी विचारलं तर, "मुंबईला समुद्र नाय काय?" एकदा कोंबडा आरवला. म्हणे, "शेजारी पाळतात." मी 'बरं' म्हटलं. गुडघा बरा होईपर्यंत मी दुसऱ्या कुणाची दोरी धरणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून हे मुंबईचं सोंग. गुडघा बरा होणारच नव्हता, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळलं.

नवी पोर गुणाची. दिसेल तेवढंच बोलते. "मागे कोणी नाही. साठ मीटर राहिले." तिला नावं ठेवायला जागा नाही, हाच तिचा दोष. पण पायांना सवय लागलेली होती, ती गेली नाही. यंदा पुण्याला मी पहिली आले.

दुसऱ्या दिवशी पावसची एसटी धरली. कंडक्टर मला बहिरी समजून स्टॉपचं नाव माझ्या कानात ओरडला, असो बिचारा. तिच्या घरापर्यंत काठी टेकत गेले. अंगणात तिची वहिनी आंब्याच्या पेट्या ठोकत होती. मी कोण ते सांगितलं, तर आतून थापाडीचाच आवाज आला, चांगला खणखणीत, "सांग गो तिला, ती मुंबईला असते!"

वहिनी बिचारी गोंधळली. मी पायरीवर बसले आणि तितक्याच मोठ्यानं म्हटलं, "बरं. मुंबईहून आली की सांगा, माझी निवड झाली. देशपातळीवर. आणि सांगा, नवी गाइड खरं बोलते, फार कंटाळा येतो."

आत भांडं पडल्याचा आवाज, मग ते वेगळं वाजणारं पाऊल, भिंतीला धरत धरत. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. नाक ओढलं. म्हणाली, "आत्ताच आले बघ गो. सकाळच्या गाडीनं."

"गर्दी होती?"

"होती तर! मुंबईपासून उभ्यानं आले."

त्या गुडघ्यावर, मुंबईपासून, उभ्यानं! मी तिचा हात ओढून तिला पायरीवर बसवलं. मेली थापाडी!