दोनशे तीनमधल्या मुली

शारजात अल मजाजच्या एका इमारतीत कॉलेजने मुलींसाठी तीन फ्लॅट घेतले होते. तिथली वॉर्डन विल्मा डिमेलो, वसईची. नवरा गेल्यावर हॉटेलातली हाउसकीपिंगची नोकरी सोडून ती इथे आली आणि बघता बघता चौदा मुलींची आंटी झाली.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. दोनशे तीन नंबरच्या फ्लॅटमध्ये पुण्याची ईश्वरी आणि रत्नागिरीची सुमय्या एका खोलीत होत्या. सुमय्याने चुकून ईश्वरीच्या तव्यावर बोंबील भाजले. ईश्वरीने तवाच कचऱ्यात टाकला. झालं! वीस दिवस दोघींत अबोला.

डिसेंबरात, रमजान लागताच, ईश्वरीला कांजिण्या आल्या. बाकीच्या मुली धावतपळत वरच्या फ्लॅटमध्ये गेल्या. विल्माला स्वतःला कधी कांजिण्या झाल्या नव्हत्या, त्यामुळे डॉक्टरने तिलाही आत जायला मनाई केली.

"मला लहानपणीच झाल्यात," सुमय्या म्हणाली. "मी राहते."

"अगं बाय, तुझे रोजे चालू आहेत!"

"मग? हात तर मोकळे आहेत ना, आंटी?"

ती बाजारातून नवं पातेलं घेऊन आली. ईश्वरीसमोर धरून म्हणाली, "यात काही शिजलेलं नाही. बघून घे." ईश्वरीने मान फिरवली, पण मुगाची खिचडी मुकाट्याने खाल्ली. विल्मा दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची, तिला सगळं ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी आतून आवाज आला, "मीठ फार पडतंय गं."

"रोज्यात चाखू कशी?"

चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ईश्वरी म्हणाली, "उद्यापासून मी थांबते. अजान झाली की दोघी जेवू."

बाहेर विल्माने डोळ्यांना पदर... पदर कुठला, ती फ्रॉक घालायची. हातानेच डोळे पुसले. नाताळला सकाळी चर्चमधून आल्यावर तिने केकचे दोन तुकडे दारातून आत सरकवले. ईश्वरीचा बिनअंड्याचा, सुमय्याचा संध्याकाळसाठी झाकून दिलेला.

पुढे दोन हजार तीनमध्ये कॉलेजचं स्वतःचं होस्टेल झालं. प्रत्येकीला वेगळी खोली, वेगळं कुलूप, जेवायला मेस. विल्मा तिथे वर्षभर राहिली. एकदा सुमय्याचा रास अल खैमाहून फोन आला, तेव्हा तिने विचारलं, "कसं आहे आंटी, नवीन होस्टेल?"

"चकचकीत आहे गं," विल्मा म्हणाली. "पण इथे कुणी भांडतच नाही."