देवाप्पाच्या माणसांची चांदी

विश्वेश्वर बाबर बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात लेकीकडे राहायला गेला त्याला आता बरेच दिवस झाले, पण तिथं त्याचा जीव काही रमत नाही. प्रांजलीचं घर मोठं आहे, हवेशीर आहे, खाली फिरायला बाग आहे. सोसायटीत पुण्या-मुंबईकडून कंपन्यांत आलेली मराठी मंडळीही पुष्कळ. गणपतीत ती काकांना आग्रहानं बोलतं करतात. काका बोलायला लागतात आणि मध्येच ‘बरं’च्या जागी एखादं कानडी ‘सरी’ येतं, ‘थोडं’च्या जागी ‘स्वल्प’ येतं, समोरचा गालात हसतो, की काका गप्प होतात. आठवड्यातून एखादा दिवस मात्र तो मेट्रोत बसतो, मॅजेस्टिकला गाडी बदलतो, चिक्कपेठेला उतरतो आणि नगरथपेठेतल्या आपल्या जुन्या गल्लीत जाऊन चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर बसून राहतो.

तिथं त्याचं आता काही उरलेलं नाही. दुकान कधीच दुसऱ्याकडे गेलं, भट्टीच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकतात. प्रांजलीला हे जाणं आवडत नाही. बाबा तिथं बसून कुणाची आठवण काढतात हे तिला ठाऊक आहे. एकदा ती म्हणालीही, की माणसं आपल्या गावाची आठवण काढतात, शाळेची काढतात, तुम्ही गुंडांची काढता.

आटपाडी तालुक्यातून तो बेंगळुरूला आला तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. त्या भागातली घरटी एकदोन माणसं गलाईच्या कामासाठी देशभर पांगलेली. सोनं-चांदी वितळवायची, त्यातली भेसळ काढायची, टंच म्हणजे शुद्धता सांगायची. चुलत्याची नगरथपेठेत लहानशी खोली होती. पुढे भट्टी, मागे झोपायची जागा. चुलत्यानं पहिल्याच आठवड्यात त्याला एक गोष्ट सांगितली. आपल्याकडे सोनंही नाही आणि चांदीही नाही, लोकांची आहे. आपली आहे ती फक्त जीभ. गलाईवाला एकदा खोटं बोलला की त्यानं गावाकडची गाडी पकडावी. विश्वेश्वरनं ते मनाशी धरलं. चुलता थकून गावी गेला, दुकान त्याच्या हाती आलं आणि पेठेत त्याचा शब्द चालू लागला. सराफ त्याला ‘मराठी अण्णा’ म्हणत. मराठी अण्णानं सांगितलेला टंच पुन्हा कुणी तपासत नसे.

त्या काळात पेठेलगतच्या मार्केटच्या अंगाला देवाप्पाचं राज्य होतं. देवाप्पा मूळचा हमाल. पाठ अशी रुंद, की मागून पाहिलं तर बंद दरवाजाच वाटावा. पुढे त्याच्याभोवती माणसं जमली. फुलांच्या गाळ्यांकडून, लॉरीवाल्यांकडून हप्ते येऊ लागले, न देणाऱ्यांचे हातपाय मोडू लागले. देवाप्पाला कुणी टोळीवाला म्हटलेलं आवडत नसे. हे माझं घर आहे, तो म्हणायचा. आणि घरात माणूस घ्यायचा तर तो काही रस्त्यावरून आत येऊन बसला असं चालत नाही.

म्हणून त्यानं एक रीत घातली होती. नव्या माणसानं आपल्या घरातली चांदी आणायची. विकत घेतलेली नाही; ज्या घरात जन्मला त्या घरातली. आईचं जोडवं, आजीची अत्तरदाणी, लहानपणचा करदोटा, काहीही. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनी, अनवाणी पायांनी तो विश्वेश्वरच्या दुकानी यायचा. मागे देवाप्पा आणि बाकीची सगळी. दाराचा पडदा ओढला जायचा. भट्टीला लिंबू आणि कापूर. मग विश्वेश्वर ती वस्तू कसोटीच्या दगडावर घासायचा, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचा. देवाप्पा सगळ्यांदेखत विचारायचा, “मराठी अण्णा, खरी आहे?”

“खरी आहे.”

एवढं झालं की ती चांदी मुशीत पडायची. मुशीत आधीच एक गोळा असायचा, मागच्या वेळचा राखून ठेवलेला. त्यात सगळ्या आधीच्यांची चांदी. नवी जुनीत मिसळली की विश्वेश्वर ती लोखंडी साच्यात ओतायचा, कांब ठोकून तिचं कडं वळवायचा आणि उरलेला गोळा पुढच्यासाठी बाजूला काढायचा. नव्या माणसाच्या मनगटात कडं देवाप्पा स्वतःच्या हातानं घालायचा. ते अजून गरम असे. तेवढं सोसायचं, हात मागे घ्यायचा नाही. मग देवाप्पा त्याच्या कानात काहीतरी सांगायचा. काय ते विश्वेश्वरला कधी कळलं नाही, पण तगडे तगडे बाप्ये ते ऐकून डोळे पुसताना त्यानं पाहिले होते.

त्यानंतर जेवण. शेजारच्या खानावळीतून चित्रान्नाची, पिवळ्या लिंबूभाताची, परात यायची, उडीदवडे यायचे, एकाच मोठ्या केळीच्या पानाभोवती सगळे बसायचे आणि विश्वेश्वरलाही ओढून बसवायचे. घरापासून इतक्या लांब, परक्या बोलीत, त्याला असं हात धरून पंगतीत बसवणारं दुसरं कुणी नव्हतं. आठवण येते ती त्या सकाळची. कापराचा वास, भात्याचा आवाज, आणि देवाप्पा आपल्या पुढ्यातला वडा उचलून त्याच्यापुढे टाकतोय. ती माणसं पडदा सारून बाहेर गेल्यावर दिवसभर काय करत, हे त्याला माहीत होतं. माहीत असूनही तो शुक्रवारची वाट बघायचा.

हे असंच चाललं असतं, पण दत्ता गेला.

दत्ता बागलकोटकडचा, घरी मराठी बोलणारा, हसरा. त्यानं चांदी म्हणून आपल्या बाळपणीचे वाळे आणले होते. आत घुंगरू होते, मुशीत टाकताना ते वाजले आणि सगळे हसले, दत्ताही. पुढच्या पावसाळ्याआधी त्याला कलासीपाळ्यात दुसऱ्या टोळीनं गाठून मारलं. देवाप्पानं इतमामानं सगळं केलं, घरी पैसे पाठवले. महिनाभरानं दत्ताची आई पत्ता विचारत विश्वेश्वरच्या दुकानी आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. तिला भरपाई नको होती की तक्रार करायची नव्हती. तिचं एवढंच म्हणणं होतं, की लेकराचे वाळे इथं आहेत असं कळलं. असले तर द्या, मी घेऊन जाते.

विश्वेश्वरनं तिला पाणी दिलं. तो गोळा कोपऱ्यातल्या डब्यात होता. त्यात दत्ताचे वाळे होते, आणि ते कुणालाही वेगळे काढता येणार नव्हते. तसं त्यानं तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग विचारलं, “थोडं तरी?” त्यानं नकाराची मान हलवली. ती उठली, जाताना म्हणाली की भट्टीजवळ बसताय, डोळ्यांना जपा.

त्यानंतरच्याच एका शुक्रवारी महांतेश आला. निपाणीकडचा, वीस-बाविशीचा, खांदे पाडून उभा राहणारा. बाकीचे यायच्या आधीच येऊन पायरीवर बसला. विश्वेश्वरनं मराठीत विचारपूस केली तसा त्याचा चेहरा उजळला. काम सुटलं होतं, भाड्याच्या खोलीतून काढलं होतं, देवाप्पाच्या माणसानं जेवू घातलं होतं. खिशातून त्यानं रुमालाची पुरचुंडी काढून दाखवली. जोडवी होती. वडील वारल्यावर आईनं काढून पेटीत ठेवलेली. तिला विचारून आणली का, असं विश्वेश्वरनं विचारलं, तर तो उगाच रुमाल घडी करत राहिला.

मग सगळे आले, पडदा ओढला गेला. विश्वेश्वरनं जोडवं हातात घेतलं. झिजून कागदासारखं पातळ झालेलं, पण चांदी चोख. त्याला दगडाचीसुद्धा गरज नव्हती. दगडावर आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाच्या जर्मन सिल्व्हरच्या वाटीची एक रेघ राहिली होती. त्यानं जोडवं त्या रेघेशेजारी नुसतं टेकवल्यासारखं केलं आणि तेजाबाचा थेंब त्या जुन्या रेघेवर सोडला. रेघ हिरवट झाली.

“मराठी अण्णा, खरी आहे?”

“नाही,” विश्वेश्वर म्हणाला. “जर्मन आहे.”

असं आजवर कधी झालंच नव्हतं. देवाप्पानं दगडाकडे पाहिलं, मग बराच वेळ विश्वेश्वरकडे पाहिलं. मग महांतेशला शांतपणे सांगितलं, की ज्याच्या घरची चांदी खोटी त्याला या घरात जागा नाही. महांतेश काकुळतीला आला, आईची आहे, लग्नातली आहे, म्हणत राहिला. कुणीतरी हसलं. त्यानं जोडवी उचलली आणि अनवाणीच बाहेर पडला. त्या दिवशी चित्रान्न आलं, पण विश्वेश्वर भट्टीची राख काढत राहिला.

आठवडाभरानं महांतेश भरदुपारी दुकानात उभा राहिला. या वेळी खांदे पाडलेले नव्हते.

“पलीकडच्या गल्लीत दाखवलो,” तो म्हणाला. “चांदी खरी हाय.”

“हाय.”

“मग खोटं का बोललासा?”

विश्वेश्वरनं भाता थांबवला आणि दत्ताच्या आईचं सगळं सांगितलं. ती कशी आली, काय मागितलं, काय म्हणून गेली. मग म्हणाला, की आता तुझ्या हातात आहे. देवाप्पाकडे जा, त्याला हे सांग. तो तुला घेईल आणि मला या पेठेतून उठवेल. त्यात चूक काही नाही.

महांतेश उंबऱ्यात बसला. त्याचा राग वेगळाच होता. “मला न्हाई म्हणला असता तर चाललं असतं,” तो म्हणाला. “माझ्या आईला खोटी केलासा तुम्ही. चार माणसांत.”

तेवढं चुकलं माझं, विश्वेश्वर म्हणाला. टपरीवरून दोन चहा आले. महांतेशनं आपला चहा संपवला, पेला नीट बाजूला ठेवला आणि निघून गेला.

पुढचे कितीतरी दिवस विश्वेश्वर पावलांच्या आवाजानं दचकायचा. गावाकडे जायची पिशवी त्यानं भरून ठेवली होती. पण कुणी आलं नाही. शुक्रवार पुन्हा सुरू झाले, पूर्वीसारखेच. फक्त देवाप्पा आता विचारताना दगडाकडे बघत नसे.

महांतेश पुन्हा दिसला तो चारपाच वर्षांनी, बायकोला घेऊन. लॉरी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगचं काम करत होता, अंगानं भरला होता. बायकोच्या मंगळसूत्राचं सोनं वाढवायचं होतं, त्यासाठी जुनी अंगठी वितळवायला आणली होती. बायकोला त्यानं ओळख करून दिली, “हे आमच्याकडचे.” जुनं काही काढलं नाही. विश्वेश्वरनं टंच सांगितला तेव्हा मात्र तो बायकोकडे वळून म्हणाला, “हे सांगतील ते खरं.” विश्वेश्वरनं वर पाहिलं. महांतेशच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

काळ बदलला. मार्केटच्या हप्त्यांपेक्षा जमिनींत पैसा आहे हे देवाप्पाच्या पोरांना कळलं. कडी घातलेली माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहिली, काही मेली, काही गबर झाली. देवाप्पा तुरुंगात गेला. सुटून आला तेव्हा दरवाजासारखी ती पाठ धनुष्यासारखी वाकली होती. जुन्यांपैकी कुणी त्याच्याकडे फिरकत नसे. तो दुपारी विश्वेश्वरच्या दुकानी येऊन बसायचा, भट्टीची ऊब घ्यायचा.

अशाच एका दुपारी देवाप्पानं विचारलं, “तुझी भाषा बोलणारा तो पोरगा, मी परत पाठवलेला. त्याची चांदी खरी होती ना?”

विश्वेश्वरनं होकार दिला. इतक्या वर्षांनी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“मला तेव्हाच कळलं. रेघ जुनी होती. मंद पडलेली.”

“मग बोलला का नाहीस, देवाप्पा?”

देवाप्पानं खोकत खोकत छाती चोळली. “कसा बोलणार? तू खोटा निघालास, तर आधीच्या सगळ्यांची चांदी खोटी. माझं घरच खोटं.” जरा थांबून तो म्हणाला, “आणि पोरगा कोवळा होता फार.” मग चहा सांग म्हणाला.

यातलं खरं कारण कुठलं, हे विश्वेश्वर आजही ठरवू शकत नाही. बाकड्यावर बसला की तो कधी एक खरं मानतो, कधी दुसरं.

देवाप्पा मागच्या उन्हाळ्यात गेला. तेराव्याचं जेवण बसवनगुडीतल्या एका लहानशा मंगल कार्यालयात होतं. प्रांजली नको म्हणत होती, तरी विश्वेश्वर गेला. आलेल्या माणसांची मोजकीच डोकी, सगळी पिकलेली. कुणाच्या मनगटात कडं सैल होऊन कोपरापर्यंत सरकत होतं, कुणी कधीचं मोडून खाल्लं होतं. त्याला पाहताच दोघातिघांनी उठून जागा केली. शेजारचा म्हातारा, ज्याला त्यानं आता नावानं ओळखलं नसतं, त्याच्या हाताकडे बघून म्हणाला, की तुझं कडं कुठं गेलं, अण्णा?

मला कधी नव्हतंच, विश्वेश्वर म्हणाला. मी नुसता भट्टीवर होतो.

म्हाताऱ्याला ते पटेना. त्यानं पलीकडच्याला विचारलं, पलीकडच्यानं आणखी पुढच्याला. सगळ्यांची समजूत होती, की मराठी अण्णा आपल्यातलाच, पहिल्या काहींपैकी. थोडा वेळ पंगतीत त्यावरच बोलणं चाललं. विश्वेश्वरला लाजल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं, आणि बरं वाटतंय याचा थोडा रागही आला. दत्ताची आई डोळ्यांपुढे आली, तिचा पदर, तिची पिशवी.

वाढपी भाताची परात घेऊन पुढ्यात उभा होता. विश्वेश्वरनं पानावर हात आडवा धरला आणि थोडं पुरे म्हणाला, “स्वल्प साकू.” तरी वाढप्यानं भरपूर वाढलं.