पाण्याखालचा पांढरा
माझ्या दिवाणखान्यात अगदी समोरच्या भिंतीवर आत्याचं तैलचित्र आहे. लाल आलवण, मागे सारलेला पदर, तुळतुळीत डोकं. पाहुणे म्हणतात, आतल्या खोलीत लावा ना. मी म्हणते, तुम्हीच आतल्या खोलीत बसा.

ते काढलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. हैदराबाद संस्थान भारतात यायला तयार नव्हतं आणि भारताने बाहेरून येणारा माल अडवला होता. सुलतान बाजारातला रंगवाला हात झटकून म्हणाला, "नक्को पूछो बीबी, बंबई का माल आताच नै." माझ्याकडे पांढऱ्याची एकच नळी उरली होती, तीही बुडाशी फाटलेली. पांढऱ्याशिवाय कातडीचा रंग होत नाही, आणि चेहरा तर अर्धाच झाला होता.

वडील सरकारी कचेरीत होते. त्यांचा हुकूम होता, देव काढ, डोंगर काढ, पण विधवेचं चित्र या घरात निघणार नाही. म्हणून ते कचेरीत आणि आई झोपलेली असताना दुपारचा अर्धा तास तेवढा आमचा. गौलीगुड्यातल्या आमच्या घरात त्या उन्हाळ्यात उघड्या रंगावर दुसऱ्या दिवशी साय धरायची, चार दिवसांत त्याचं चामडं व्हायचं.

आत्या वडिलांची थोरली बहीण. पंधराव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली, आणि तेव्हापासून घरातलं ताक-लोणी तिच्याकडे. फाटकी नळी बघून ती म्हणाली, "रडतेस काय? लोणी कसं टिकतं? पाण्याखाली. वारा लागू द्यायचा नाही, बस." तिने सगळा पांढरा काचेच्या वाटीत काढायला लावला, वर दोन बोटं पाणी ओतलं आणि वाटी आपल्या सोवळ्याच्या फळीवर ठेवली. तिथे कुणी हात लावत नसे. रोज सकाळी ती पाणी बदलायची. मी हवा तेवढा रंग काढून फडक्याने पाणी टिपून घ्यायची. दहा दिवस तो मऊ राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी आईला ती वाटी दिसली. टंचाईचे दिवस, दूध निम्म्यावर आलेलं. तिने वाटी उचलून वडिलांपुढे ठेवली. "बघा, वन्संनी लोणी लपवून ठेवलंय."

वडील बाहेरच्या खोलीत होते, कचेरीला निघालेले. आतल्या दारात उभ्या असलेल्या आत्याकडे न बघताच म्हणाले, "अक्का, खायचं होतं तर मागायचं."

माझं डोकंच फिरलं. एक वेळ जेवून जी या घरासाठी राबली, तिला चोर ठरवताना यांना वाटीचा साधा वास घ्यावासाही वाटला नाही! "लोणी नाही ते," मी ओरडले. "माझा रंग आहे. मी आत्याचं चित्र काढतेय, आणि ते पुरं करणार आहे."

"फेकून दे ती वाटी," वडील मला म्हणाले.

पुरुष माणसं असताना आत्या कधी बाहेरच्या खोलीत येत नसे. ती आली. वाटी उचलून तिने माझ्या हातात दिली.

"तीस वर्षं या घरचं लोणी मी काढतेय," ती वडिलांना म्हणाली. "चोरलं असतं तर तुला पत्ता लागला नसता."

मग खिडकीजवळच्या वडिलांच्या खुर्चीत ती बसली आणि पदर मागे सारला. "काढ गं. आज दिवसभर मी इथेच बसणार आहे."

वडील टोपी हातात घेऊन उभेच राहिले. कचेरीची वेळ टळून गेली. मी आतून चित्र आणलं, पाणी ओतून टाकलं, रंग टिपला, बोट लावून पाहिलं. मऊ होता. मी त्यांच्यादेखत आत्याच्या उघड्या कपाळापासून सुरुवात केली.