शिंपीणबाईंची नऊवारी

आमच्या शिंपीणबाईंना सुईत दोरा ओवता येत नसे. बटण तुटलं की त्या सरळ स्टेपलर मारत. तरीही परळच्या आमच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओतल्या यच्चयावत बाहुल्यांना कपडे त्याच घालत. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या बाहुल्यांना. बाहुलीच्या आत हाडांचे सांधे बसवायचे आणि तिचा कपडा कुठल्या सांध्याला बांधायचा ते ठरवायचं, हे त्यांचं काम. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

त्यांचा नियम साधा होता. "जे अंगाला चिकटतं ते अंगाच्या सांध्याला बांध. जे झुलतं त्याला स्वतःचे सांधे दे." काय चिकटतं नि काय झुलतं ते बघायला त्या कोणालाही भर रस्त्यात थांबवत. लालबागच्या नाक्यावर एकदा एका अनोळखी गृहस्थांना म्हणाल्या, "काका, जरा परत वळा हो, तुमचं धोतर बघायचंय." काका वळलेसुद्धा! मी मात्र शेजारच्या दुकानात शिरून उगाचच फरसाण चाखत राहिलो.

माझी पहिली स्वतंत्र बाहुली म्हणजे मुलांच्या मालिकेतली सखूमावशी. नऊवारी नेसून तिला बसफुगडी घालायची होती. मालिकावाल्या बाई दुपारी बघायला येणार होत्या, आणि फुगडी फसली तर सखूमावशी दुसऱ्या स्टुडिओकडे जाणार होती. मला तर ती सख्ख्या मावशीहून प्रिय झालेली. मी लुगडं सरळ पायांच्या सांध्यांना बांधून टाकलं, कारण ते झटपट होतं. उभी असताना मावशी झकास दिसे. बसली की काष्टा मधोमध फाटून अर्धा डाव्या मांडीबरोबर जाई, अर्धा उजव्या. मग काष्ट्याला वेगळे सांधे दिले, तर तो शेपटीसारखा वळवळायला लागला. सगळा स्टुडिओ हसून लोटपोट आणि मी रडकुंडीला.

"बाई, तुम्हीच करा ना. तुमचं दहा मिनिटांचं काम."

"मी हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. मला त्यांचा मनस्वी राग आला.

मग त्यांनी पिशवीतून स्वतःच्या आईचं जुनं लुगडं काढलं. "कधी नेसलायस? नाही ना? मग दुसऱ्याला काय नेसवतोस, मेल्या! ये इकडे, पँटवरूनच नेसवते."

नेसवून झाल्यावर माझ्याकडून उठाबशा सुरू. "बस. ऊठ. परत बस. ओढ कुठे लागतेय?"

"मांड्यांना... नाही, नाही, बाई, कमरेला! मागे खोचलंय ना, तिथे!"

"मग पायांना कशाला बांधलंस?"

मी लुगड्यातच खुर्चीकडे धावलो. काष्ट्याचे सांधे वेगळेच ठेवले, पण त्यांचं मूळ कमरेत रोवलं. पायांनी त्यांना फक्त किंचित ढकलायचं. सखूमावशी बसली. काष्टा जागच्या जागी! तिने उड्या मारमारून बसफुगडी घातली, तरी हूं की चूं नाही. मी आनंदाने किंचाळलो, बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि टेबलांच्या मधोमध आम्ही खरीच फुगडी घालू लागलो. गरगर फिरताना दारात मालिकावाल्या बाई दिसल्या.

"हे काय चाललंय?"

"कपड्याचं टेस्टिंग," शिंपीणबाई धापा टाकत म्हणाल्या.

सखूमावशी पास झाली, माझ्याकडेच राहिली. पेढे आले. पेढा हातात घेऊनच मालकांनी सांगितलं, की आज बाईंचा शेवटचा दिवस. आईच्या मागे देवगडला वडील एकटे पडले होते, म्हणून त्या कायमच्या गावी चालल्या होत्या. राजीनामा महिन्यापूर्वीच दिला होता, आणि कोणाला सांगू नका अशी अट घातली होती.

"म्हणून हात लावला नाहीत?" मी विचारलं.

"आज मी केलं असतं. उद्या कोणाला बोलावलं असतंस रे?"

माझे डोळे भरून आले. रुमाल पँटच्या खिशात, आणि पँट नऊ वार लुगड्याच्या आत. नाइलाजाने मी पदर डोळ्यांना लावला आणि एकदम कानकोंडा झालो.

"पूस, पूस," बाई म्हणाल्या. "आईचं लुगडं आहे. त्याला सवय आहे." आणि पदराचं दुसरं टोक त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना लावलं.