कोरसमधला सातवा आवाज

आमच्या घरातून देव, भूत आणि भगत हे तिघंही छप्पन साली एकदमच बाहेर गेले. आज्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारा उतरवला आणि त्या फळीवर माझ्या वडिलांची शाळेची पुस्तकं ठेवली. त्यामुळे या सदरातले गूढ अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलोय. त्यात मी आयटीआयला वायरमन ट्रेड शिकवतो. जे मीटरवर दिसत नाही ते मी मानत नाही, असं पोरांना पहिल्याच तासाला सांगून टाकतो. आणि आज मीच लिहायला बसलोय... ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं, मीही कुणाला सोडलं नव्हतं.

मी राहतो पाटोद्यात. दारू नाही, तंबाखू नाही, व्यसन एकच — गाणं चांगल्या आवाजात ऐकणं. पुढच्या खोलीत माझी सिस्टीम आहे. अ‍ॅम्प्लिफायर पुण्याहून सेकंडहँड आणलेला, कॅसेट डेक मी स्वतः उघडून दुरुस्त केलेला. बायको त्या सगळ्याला ‘तुमचे डबे’ म्हणते. यंदा जानेवारीत मी जुने स्पीकर काढले आणि कमरेएवढ्या उंचीचे नवे टॉवर स्पीकर आणले. मोठ्या थाटात लावले, आणि त्यातून पहिलं काय ऐकू आलं? घूंऽऽऽ!

हा घूं आधीही होता, पण जुन्या स्पीकरांत तो मुरून गेला होता. नव्यांनी त्याला उघडं पाडलं. आमच्याकडे शेतीची लाइट आली की चहूकडच्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज गडगडतं आणि घूं आणखी चढतो. मग मी मीटरपासून सिस्टीमपर्यंत वेगळी तांब्याची लाइन ओढली. तरी फरक नाही. शेवटी अर्थिंग तपासलं, तर काय... वायर अंगणात जाऊन एका खिळ्याला गुंडाळलेली, आणि तो खिळा नुसता भिंतीत ठोकलेला. अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना अर्थिंग शिकवतोय आणि माझ्याच घराला अर्थिंग नाही! हे आयटीआयमध्ये कुणाला सांगू नका.

दोन रविवार खड्डा खणला. खाली निव्वळ मुरूम. तांब्याची प्लेट पुरली, कोळसा-मीठ भरलं. कोरड्या मुरमात अर्थिंग धरत नाही, म्हणून रोज दोन बादल्या पाणी घालायचं काम माझ्या आईने आपणहून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात सिस्टीम चालू केली तर खोलीत चिटपाखरूही नसल्यासारखी शांतता. मी व्हॉल्यूम पूर्ण वर नेला, तरी शांतता. खरं सांगतो, आयटीआयची ऑर्डर हातात पडली तेव्हाही छाती इतकी फुगली नव्हती.

आता आईबद्दल सांगतो, कारण गोष्ट तिचीच आहे. तिचं नाव गयाबाई. माझ्या मामाचं गाव चौसाळ्याजवळ. तरुणपणी मामाची गायन पार्टी होती. मामा पुढे गायचा, मागे सहा जणांचा कोरस. लग्नाआधी आणि नंतरही माहेरी आली की आई त्या कोरसमध्ये असायची. तिची एक खोड होती. सगळे थांबले तरी ती शेवटचा सूर सोडायची नाही, आणि मामा दर वेळी तिला रागवायचा. पार्टीची कॅसेट आयुष्यात एकदाच निघाली, जयंतीच्या दिवशी, गावच्या विहारात, कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर. नेमका त्याच दिवशी मी जन्मलो. आई आदल्या दिवशीच मामीबरोबर एसटीने बीडच्या सरकारी दवाखान्यात गेली होती. मध्ये तीसेक किलोमीटरचं अंतर. तिची जागा पार्टीने दुसऱ्याला दिली.

पुढे सासरी संसार, पोरं, शेतातली कामं... आई पुन्हा कधी पार्टीत गायली नाही. पण एक गोष्ट ती कायम सांगायची: “त्या कॅसेटात मी हाय.” कळा देता देता ती खाटेवर गात होती, हे खरं आहे. मामी साक्षीदार आहे, नर्स बाई हसत होती म्हणे. पण बीडच्या खाटेवरचं गाणं विहारातल्या टेपमध्ये कसं येईल? सगळं घर तिची टर उडवायचं, आणि त्यात सगळ्यात पुढे मी. “तेव्हा मोबाईल असता तर जमलं असतं गं,” हा माझा ठरलेला विनोद. ती कधी भांडली नाही. नुसतं “बरं” म्हणायची आणि उठून जायची.

यंदा विहारात पार्टीचा फोटो आणि कोरसमधल्या गाणाऱ्यांच्या नावांची पाटी लावायचं ठरलं. जयंतीला ते गाणंही लावायचं होतं. यादी करायचं काम मामाकडे. मामा निवृत्त मास्तर, वय बहात्तर, शब्दाला पक्का. आईने फोनवर त्याला सांगितलं, माझं नाव घाल. मामा म्हणाला, “गये, मी जिंदगीभर पोरांची हजेरी घेतली. नसणाराची हजेरी कदी लावली न्हाई. तुजी कशी लावू?” आईने फोन माझ्या हातात दिला आणि बादली घेऊन खड्ड्याकडे गेली. पाठमोरी चालताना ती मला एकदम म्हातारी दिसली. त्या दिवसापासून तिने कामं करताना गुणगुणणंही बंद केलं.

मार्चमधल्या एका रविवारी मामा-मामी जेवायला आले. मामाने मूळ कॅसेट आणली होती, मला तिची पेनड्राइव्हवर कॉपी करायची होती. जेवणं झाली आणि मी त्यांना नव्या स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसवलं. दुपारचे दोन-अडीच. लाइट होती, व्होल्टेज ठीक होतं. आई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती, आत यायला तयार नव्हती. खोट्या मोठेपणाने नाही सांगत, पण कॅसेट सुरू झाली आणि मामाच्या तोंडाकडे मला बघावंसं वाटलं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा त्याचाच आवाज खोलीत उभा होता. ढोलकीवाल्याच्या बोटात अंगठी होती, ती ढोलकीच्या कडेला लागते तेसुद्धा ऐकू येत होतं. मामा हसला, म्हणाला, लगीन ठरलं होतं गड्याचं, अंगठी काढायलाच तयार न्हवता.

मामाने स्वतः रचलेलं गाणं. एक बाई लेकराला शाळेत सोडायला निघालीय, अशी चार कडवी. तिसरं कडवं संपलं, कोरस थांबला आणि मागे एक सूर राहिला. हा सूर आम्ही लहानपणापासून ऐकलेला. पेटीचा भाता सोडल्यावर रेंगाळतो तसा, म्हणून आम्ही सगळे त्याला पेटीच समजायचो. पण आज त्या सुराला शब्द होते. कडव्याचे शेवटचे दोन शब्द... आणि त्यानंतर कुणीतरी दम घेतला. पेटी दम घेत नाही.

मी टेप थांबवला. मामा उभा राहिला होता. “परत लाव,” एवढंच म्हणाला. तीनदा लावला. सहा आवाज थांबतात आणि सातवा, बाईचा, वरच्या पट्टीतला, पुढे जातो. कोरसमध्ये त्या दिवशी बाई एकच होती आणि तिचा आवाज जाड, घोगरा. तो वेगळा ओळखू येतो.

“गया हाय ही,” मामी म्हणाली.

चौथ्या कडव्यात तो आवाज नाही. तिसऱ्याच्या शेवटी दम घेतला जातो आणि मग काहीच नाही. मामीने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “तवा ह्यो झालता.” कुणी हसलं नाही. मी उंबऱ्याकडे बघितलं. आई मेथी निवडतच होती. तिला आश्चर्य वाटल्याचं काहीच दिसत नव्हतं, फक्त हात थोडे सावकाश झाले होते. मला लाज वाटली... इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

माझं डोकं लगेच तांत्रिक बाजूला पळालं. म्हटलं, कॅसेटवर आधीची एखादी तालीम असेल, नीट पुसली गेली नसेल, तिचा आवाज खालून येत असेल. मामाने मान हलवली. कॅसेट कोरी होती, वरचा कागद त्याने स्वतः फाडला होता. आणि तिसरं कडवं त्याने त्याच दिवशी सकाळी विहारासमोर बसून जोडलं होतं. आई तेव्हा बीडला होती. ते कडवं तिने ऐकलंच नव्हतं, तालमीत गाणार कुठून?

पुढचे आठ दिवस मी आयटीआयमधून आलो की तेच. डेक बदलला, अ‍ॅम्प्लिफायर बदलला, जुने स्पीकर परत लावले. एकदा कळल्यावर त्यांतही आवाज येतो, पुसट, पण येतो. बीडच्या एका रेकॉर्डिंगवाल्याला काही न सांगता ऐकवलं. तो म्हणाला, कोरसमध्ये दोन बायका आहेत, एक जरा लांब उभी आहे. आणि एक गोष्ट, जिच्यामुळे माझी खरी झोप उडाली. ही कॅसेट मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून सारखंच येणार आणि सगळे आवाज बरोबर मधून ऐकू येणार. तसे सगळे येतातही. सातवा मात्र डाव्या हाताकडून येतो. मी वायरी उलटसुलट केल्या, डावा स्पीकर उजवीकडे ठेवला. तरी तो डावीकडूनच. असं होऊ शकत नाही. मी हे शिकवतो, मला माहीत आहे की असं होऊ शकत नाही.

पुढच्या रविवारी मामा एकटाच आला, यादी घेऊन. आईसमोर खाटेवर बसला. यादीची घडी उलगडत म्हणाला, “हे बघ गये, मी चमत्कार बिमत्कार मानत न्हाई. तसं कुणाला सांगणार बी न्हाई.”

“मी कुटं चमत्कार म्हणती?” आई म्हणाली. “मी गायले म्हणती. तुमी सगळे हसता कावून, येवढंच मला कळत न्हवतं.”

मामाने डोळे पुसले. खिशातून पेन काढलं आणि सहाव्या नावाखाली, वर्गात फळ्यावर लिहायचा त्याच वळणदार अक्षरात, तिचं नाव लिहिलं. हजेरीपटाच्या सवयीने त्याने प्रत्येक नावापुढे कोण कुठे बसून गायलं त्याचाही रकाना आखला होता. सगळ्यांपुढे ‘विहार’ लिहिलेलं. तिच्या नावापुढे तो अडला. मी म्हटलं, मामा, विहारच लिहा, पाटीवर एकसारखं दिसेल. मामाही तसंच लिहायला लागला होता.

“न्हाई दादा,” आई म्हणाली, “बीड लिव. मी तवा बीडलाच होते. खोटं कावून लिवायचं?”

पाटी आता विहारात लागलीय. सहा नावांपुढे विहार आणि सातव्यापुढे बीड. बघणारे विचारतात, ही चूक कशी राहिली? मी सांगतो की चूक नाही, माझी आई आहे ती. मग पुढचा प्रश्न येतो, कसं शक्य आहे? मीटर लावून झालं, वायरी बदलून झाल्या, अजून काही सापडलेलं नाही, आणि पुढेही सापडेल असं वाटत नाही. पण जयंतीला विहारात ते गाणं लागलं, तिसरं कडवं संपलं, सगळा कोरस थांबला आणि एकटी ती पुढे गेली... तेव्हा मी गर्दीत उभा होतो, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला हात धरून सांगत होतो — ऐका, ऐका, ही माझी आई.