हरभऱ्यातली मेंढरं आणि फौजदारी कायदा

कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावात आम्हाला रान नव्हतं, मेंढरांवरच घर चालायचं. एकदा ती परक्याच्या हरभऱ्यात शिरली. पंचांपुढं "नकळत गेली" म्हणून बाप सुटला.

पुढं मी औरंगाबादला कायदा शिकू लागलो. फौजदारीच्या पेपरात एकदा आपटलो होतो. नामांतराच्या आंदोलनात कॉलेज बंद पडलं, तेव्हा पुस्तक घेऊन घरी आलो. बापाला म्हणालो, "दादा, गुन्ह्याला हेतू लागतो. तुमचा नव्हता, म्हणून सुटलात."

बाप हसला. "नव्हता कसा? मेंढरं उपाशी होती. कुंपणाच्या काट्या मीच सारल्या."

"मग सुटलात कसे?"

"पंचांला माझ्या मनातलं दिसलं व्हय? लई शिकलास!"

हेतू सिद्ध करावा लागतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. पुढच्या खेपेला फौजदारीचा पेपर सुटला. घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो.