मर्व्हचा मोठा चमचा

मर्व्ह हार्टिगन माझा शेजारी. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या लोकर गिरणीत चाळीस वर्षं घालवलेला माणूस. सरळ, कष्टाळू, पण स्वतःची चूक ऐकायची वेळ आली की ठार बहिरा. घरी बिअर करायचा त्याला भारी नाद. प्रत्येक खेपेची पहिली बाटली कुंपणावरून माझ्या हातात यायची. "घे ग्लेनिस, आणि नावं ठेवू नकोस," हे ठरलेलं.

बाटल्या भरायला त्याचा धाकटा भाऊ डेस येई. फेस धरावा म्हणून रिकाम्या बाटलीत आधी साखर घालायची, मग बिअर ओतून बूच ठोकायचं. मोठ्या बाटल्यांना मर्व्हचा मोठा चमचा, लहान बाटल्यांना डेसचा छोटा. साखर जास्त झाली की बाटली फुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्या नोव्हेंबरात मीही मर्व्हच्या शेडमध्ये बुचं धूत बसले होते. मर्व्हची निम्मी रांग झाली आणि घरात फोन वाजला. परत आला तो कुणालातरी शिव्या घालतच, आणि पहिल्या बाटलीपासून पुन्हा साखर घालू लागला. काळ्या-तपकिरी काचेतून आतलं काय दिसणार? पण मी पाहिलं होतं. टोकलं असतं तर अर्धा तास व्याख्यान ऐकावं लागलं असतं, म्हणून गप्प बसले. डेस त्याच्या लहान बाटल्यांची एक पेटी घरी घेऊन गेला.

ख्रिसमसच्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. मर्व्हकडे आम्ही सगळे हॅम खात होतो आणि शेडमध्ये धडाधड बार उडाले. एकीच्या काचा लागून दुसरी फुटली, लहानमोठ्या सगळ्यांचा चुरा झाला.

"लहान बाटल्यांत मोठा चमचा घातलास ना?" मर्व्ह सगळ्यांदेखत ओरडला.

"छोटाच होता रे."

"एक चमचा धड धरता येत नाही! म्हणून तर जन्मभर गिरणीत झाडू मारलास."

डेसने ताट सारलं. "चल, कोरल," एवढंच बायकोला म्हणाला. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हटलं सणाचा दिवस, भावाभावांचं भांडण, नव्या वर्षापर्यंत मिटेल. मी कशाला मध्ये पडू? सहा वर्षं मिटलं नाही. गेल्या ऑगस्टमध्ये डेस झोपेतच गेला.

मातीनंतरच्या आठवड्यात कोरल ती पेटी घेऊन आली. मर्व्हने मलाही हाक मारली. एकही बाटली फुटलेली नव्हती.

"मर्व्ह आला की उघडू, म्हणायचा," कोरल म्हणाली. "तुम्ही आला नाहीत."

मर्व्हने एक उघडून ग्लासात ओतली. चव केव्हाच मेली होती. पण उघडताना हलकेच फुस्स झालं होतं, बोटभर फेस चढून तिथेच थांबला होता. माप अगदी बरोबर होतं. मर्व्हने ग्लास उजेडाकडे धरला.

"त्या दिवशी मला फोन आला होता," तो म्हणाला. "ग्लेनिस, तू होतीस ना तिथे?"

"होते."

"मी परत पहिल्यापासून सुरू केलं?"

"हो."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं रे, मर्व्ह."

तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सांगायचंस गं," तो म्हणाला. "मी नसतंच ऐकलं. पण डेसनं तरी ऐकलं असतं."

बाटली अजूनही येते. तो ती कुंपणाच्या खांबावर ठेवतो आणि मी दार उघडायच्या आत घरात जातो.